विश्लेषण : मांजराच्या खाद्याचा दर्जा नेमके कोण तपासते?

दुकानात आणि मोबाइलवर मांजराच्या खाद्याचे डझनभर ब्रँड दिसतात. एकावर परदेशी नाव, दुसऱ्यावर ‘रिअल चिकन’, तिसऱ्यावर चकचकीत केसांचे मांजर. पण हे खाद्य बनते कुठे, त्यात काय असते आणि ते तपासते कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे पाकिटाच्या पुढच्या बाजूला मिळत नाहीत. पशुखाद्याचा कारखाना असलेल्या कागल पंचतारांकित एमआयडीसीपासून सुरुवात केली, तर या प्रश्नांचा उलगडा सोपा होतो.

कागलचा संदर्भ कशासाठी?

पुणे-बंगळूरु महामार्गालगतची कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत प्रामुख्याने कापड आणि इंजिनांसाठी ओळखली जाते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, रेमंड, इंडो काउंट ही येथील परिचित नावे. याच वसाहतीत कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा, म्हणजे ‘गोकुळ’चा पशुखाद्य कारखानाही आहे. गडमुडशिंगीचा जुना कारखाना आणि हा, अशा दोन ठिकाणांहून ‘महालक्ष्मी’ पशुखाद्याची पोती जिल्ह्यातल्या गोठ्यांत जातात.

मांजराचे खाद्य समजून घेण्यासाठी या वसाहतीतल्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, माल बनवणारा एक आणि त्यावर नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार येथे नवा नाही. चादरी इथे शिवल्या जातात आणि परदेशातल्या दुकानांत त्या दुकानाच्या नावाने विकल्या जातात. मांजराच्या खाद्याचा धंदा जगभर बऱ्याच अंशी असाच चालतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पशुखाद्याच्या पोत्याचा दर्जा घसरला, तर म्हैस त्याचे उत्तर दुधात देते. गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ माप होते, फॅट लागते, पावती मिळते. दोन-चार दिवस आकडा खाली आला की उत्पादक विचारायला जातो. संघाचा तो सभासद असतो, त्यामुळे पशुखाद्याचा दर आणि दर्जा हे सभांमधले नेहमीचे विषय असतात. मांजराच्या बाबतीत असे कोणतेही माप नाही. खाद्यात काही कमी असेल, तर ते कळायला महिने लागतात आणि कळते तेव्हा मांजर दवाखान्यात असते. रोजचा हिशेब देणारी दुधाची पावती इथे नसल्याने पाकिटावरचा मजकूर आणि तो छापणाऱ्याचा पत्ता, एवढाच पुरावा ग्राहकाच्या हातात उरतो.

ब्रँड एक, मालक दुसरा, कारखाना तिसरा?

भारतात सर्वाधिक परिचित असलेला ‘व्हिस्कास’ हा ब्रँड अमेरिकेच्या ‘मार्स’ कंपनीचा. भारतात मार्सचा पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा कारखाना तेलंगणातील सिद्दीपेट जिल्ह्यात आहे. ‘शेबा’ही मार्सचाच. फ्रेंच म्हणून ओळखला जाणारा ‘रॉयल कॅनिन’देखील या शतकाच्या सुरुवातीपासून मार्सच्याच मालकीचा आहे. म्हणजे दुकानात तीन वेगळ्या किमतींचे तीन ब्रँड समोरासमोर ठेवून तुलना करणारा ग्राहक प्रत्यक्षात एकाच कंपनीच्या तीन मालांची तुलना करत असतो.

‘प्युरिना’ आणि ‘फ्रिस्कीज’ ही नावे स्वित्झर्लंडच्या नेस्लेकडे आहेत. नेस्लेने अमेरिकेची राल्स्टन प्युरिना कंपनी २००१ मध्ये विकत घेतली. भारतातला प्युरिनाचा व्यवसाय २०२२ मध्ये नेस्ले इंडियात आला. ‘मी-ओ’ हा थायलंडच्या परफेक्ट कम्पॅनियन ग्रुपचा ब्रँड. ‘ड्रूल्स’ हा भारतीय ब्रँड छत्तीसगडच्या राजनांदगावमधील आयबी ग्रुपचा. स्वस्त गटातले ‘प्युअरपेट’ हेही त्यांचेच. याच ड्रूल्समध्ये नेस्लेने २०२५ मध्ये अल्प हिस्सा घेतला. त्यामुळे ‘देशी की विदेशी’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे आता अवघड झाले आहे.

हे कारखाने त्या त्या ठिकाणी का, यालाही कारण आहे. आयबी ग्रुपचा मूळ व्यवसाय कोंबडीपालनाचा आणि पोल्ट्री खाद्याचा. माणसाच्या ताटात न जाणारे कोंबडीचे भाग शिजवून, वाळवून, दळून त्याची भुकटी केली जाते आणि ती कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात प्रथिनांचा मुख्य स्रोत ठरते. पुण्याच्या वेंकीजनेही पोल्ट्रीकडूनच या धंद्यात पाऊल टाकले. थायलंड ओल्या खाद्यात पुढे आहे, कारण तिथे ट्यूना मासा डबाबंद करण्याचा मोठा उद्योग आहे आणि त्यातून उरणारे मांस पाऊचमध्ये जाते. गोदरेज समूहाने २०२४ मध्ये या क्षेत्रात पाच वर्षांत ५०० कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले, तेव्हा उत्पादनाची जबाबदारी गोदरेज ॲग्रोव्हेट या पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीकडे सोपवली. पशुखाद्याचे कारखाने आणि मांजराच्या खाद्याचे कारखाने यांच्यातले अंतर असे कमी होत आहे.

‘इम्पोर्टेड’ म्हणजे चांगले का?

तसे गृहीत धरता येत नाही. या उद्योगातल्या सर्वात मोठ्या दुर्घटना प्रगत देशांतल्या, चांगल्या नावाच्या पाकिटांतच घडल्या.

मार्च २००७ मध्ये कॅनडाच्या ‘मेनू फूड्स’ने सुमारे सहा कोटी डबे आणि पाऊच परत मागवले. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. बाजारात ते खाद्य जवळपास शंभर वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने विकले जात होते. स्वस्त आणि महाग, दोन्ही एकाच ठिकाणी बनत होते. तपासात दिसले, की चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळलेले होते.

मेलामाइनच का? खाद्यातले प्रथिन मोजण्याची प्रचलित पद्धत प्रत्यक्ष प्रथिन मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणते. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे ६६ टक्के भाग नायट्रोजन असतो. चिमूटभर घातले तरी कागदावर प्रथिन वाढते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये हेच रसायन लहान मुलांच्या दूध भुकटीत सापडले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. मांजरांच्या खाद्यातली ती घटना म्हणजे आधी मिळालेला इशाराच होता.

दुसरे प्रकरण ब्रिटनमधले. २०२१ मध्ये तिथे मांजरांच्या रक्तपेशी अचानक कमी होण्याचे प्रमाण वाढले आणि तीनशेहून अधिक मांजरे दगावल्याची नोंद झाली. जून महिन्यात परत मागवलेल्या खाद्यात ‘ॲप्लॉज’, ‘एव्हीए’ आणि सेन्सबरीज या दुकानसाखळीच्या नावाने विकला जाणारा माल होता. तीन नावे, पण बनवणारा कारखाना एकच. काही नमुन्यांत बुरशीजन्य विषे आढळली, मात्र आजाराचे मूळ कारण शेवटपर्यंत ठामपणे निश्चित झाले नाही.

दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट पुढे येते. देशाच्या नावापेक्षा, ‘हे कोणत्या कारखान्यात, कोणत्या बॅचमध्ये बनले’ ही माहिती मोलाची आहे. माल परत मागवताना कंपनी बॅच क्रमांक जाहीर करते. तो क्रमांक ज्याच्याकडे नाही, त्याला आपल्या घरातले पाकीट त्यात आहे की नाही, हे कळत नाही.

भारतात नियम काय सांगतात?

इथे सर्वसाधारण समज आणि वस्तुस्थिती यांत फरक आहे. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक मांजराच्या खाद्यासाठी लागत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेले आहे. हा कायदा माणसाच्या अन्नासाठी आहे. त्यामुळे अन्न निरीक्षक दुकानात आला, तरी कॅट फूडचे पाकीट त्याच्या कक्षेत येत नाही.

भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे. ‘आयएस ११९६८’ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठीचे मानक २०१९ मध्ये सुधारित स्वरूपात आले. गायी-म्हशींच्या खाद्यासाठी ‘आयएस २०५२’ आहे, तसेच हे. मात्र मांजराच्या खाद्याचे मानक ऐच्छिक आहे. ते पाळलेच पाहिजे, अशी सक्ती उत्पादकावर नाही.

आयात मालासाठी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाची परवानगी लागते. त्यामागे पशुधन आयात कायदा, १८९८ आहे. पण या तपासणीचा मुख्य हेतू परदेशातला प्राण्यांचा रोग देशात येऊ नये, हा आहे. खाद्यात पुरेसे पोषण आहे का, हा प्रश्न त्या खिडकीवर विचारला जात नाही.

सक्तीचे काय, तर वेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे वैध मापन नियम. त्यानुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव व पूर्ण पत्ता, आयात मालावर मूळ देश, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापावा लागतो. ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणे ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार बंधनकारक आहे. थोडक्यात, पाकिटात किती ग्रॅम आहेत याची हमी कायदा देतो. त्या ग्रॅममध्ये मांजराला पुरेल असे काय आहे, हे बऱ्याच अंशी उत्पादकाच्या शब्दावर सोडलेले आहे.

मांजराला नेमके काय लागते?

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा धान्य-भाजीवर बऱ्यापैकी निभावतो, मांजर नाही. टॉरीन हे अमिनो आम्ल मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते. गाजरातल्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करणेही त्याला जमत नाही.

याचा मोठा धडा १९८७ मध्ये मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हृदयाचे स्नायू पातळ होऊन मरणाऱ्या अनेक मांजरांमध्ये टॉरीनची कमतरता होती. ही मांजरे उकिरड्यावरची नव्हती. त्यांना नामांकित कंपन्यांचे तयार खाद्य दिले जात होते. टॉरीन वाढवल्यावर अनेक मांजरांची हृदये सुधारली. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातले टॉरीनचे प्रमाण वाढवले.

अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांनुसार, पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या भागात प्रौढ मांजरासाठी किमान २६ टक्के आणि पिल्लांसाठी, तसेच गाभण व दूध पाजणाऱ्या मांजरीसाठी किमान ३० टक्के प्रथिन हवे. स्निग्धांश किमान ९ टक्के. टॉरीन कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के. कुत्र्याच्या प्रौढ खाद्यासाठी प्रथिनाची किमान मर्यादा १८ टक्केच आहे आणि टॉरीनची अट नाही. म्हणून घरात कुत्रा आहे म्हणून त्याच्याच पोत्यातले मांजरालाही घालणे महागात पडू शकते. दूध-भाकरीवर मांजर जगते असे दिसते, तेव्हा बाकीची गरज ते उंदरांवर भागवत असते. बंद फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही.

‘आफ्को’ कोणत्याही ब्रँडला प्रमाणपत्र देत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘आफ्कोच्या निकषांनुसार कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे उत्पादकाचे स्वतःचे विधान असते. तरीही ते असणे, नसण्यापेक्षा बरे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले खाद्य मात्र पूर्ण आहार नसते. मांजरांना फार आवडणाऱ्या मलईदार काड्या आणि अनेक पाऊच या गटात मोडतात.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे?

कोरड्या खाद्यावर ‘प्रथिन ३० टक्के’ आणि ओल्या पाऊचवर ‘प्रथिन ८ टक्के’ असे छापलेले असते. पाहताक्षणी पाऊच निकृष्ट वाटते. पण पाऊचमध्ये ८५ टक्के पाणी असते. उरलेल्या १५ भागांत ८ भाग प्रथिन, म्हणजे कोरड्या हिशेबाने सुमारे ५३ टक्के. कोरड्या खाद्यात पाणी १० टक्के. तिथे ९० भागांत ३०, म्हणजे सुमारे ३३ टक्के. सूत्र सोपे आहे : १०० मधून ओलाव्याचा आकडा वजा करा, प्रथिनाच्या आकड्याला उत्तराने भागा आणि १०० ने गुणा.

खिशाचा हिशेबही याच पद्धतीने करता येतो. ८५ ग्रॅमच्या अशा पाऊचमध्ये पाणी वगळता जेमतेम १३ ग्रॅम खाद्य असते. एक किलो कोरड्या पाकिटात ९०० ग्रॅम. म्हणजे तेवढाच कोरडा भाग मिळण्यासाठी सुमारे ७० पाऊच लागतील. दुसरीकडे, पाऊचमधले पाणी वाया जात नाही. मांजरे मुळात कमी पाणी पितात आणि ओले खाद्य ती उणीव काही प्रमाणात भरून काढते. कोरडे खाद्य मुख्य असेल, तर घरात दोन-तीन जागी ताजे पाणी ठेवणे आवश्यक ठरते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर तासाभरात पशुवैद्यक गाठावा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांतही दगावू शकतो.

कर्बोदकांचा आकडा पाकिटावर बहुधा नसतो. तो काढता येतो. प्रथिन, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख यांची बेरीज १०० मधून वजा करायची. प्रथिन ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ असेल, तर उरलेले ३८ टक्के म्हणजे मका, तांदूळ, गहू यांचा पिष्टमय भाग. राखेचा आकडा दिला नसेल, तर कोरड्या खाद्यासाठी ७ ते ८ धरून अंदाज येतो.

घटकांच्या यादीत काय पाहायचे?

घटक साधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. यादीत पहिले ‘ताजे चिकन’ असेल तर आनंद होतो, पण कच्च्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते. शिजून-वाळून त्याचा वाटा खाली येतो. उलट ‘पोल्ट्री मील’ हे नाव आकर्षक नसले, तरी ती पाणी काढलेली भुकटी असल्याने प्रथिन जास्त देते. भुकटी कोणत्या प्राण्याची, हे नाव घेऊन लिहिले आहे का, ते पाहावे. ‘चिकन मील’ किंवा ‘फिश मील’ हे ‘मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्ह’पेक्षा स्पष्ट.

धान्याचे तुकडे करून लिहिण्याचीही पद्धत आहे. मका, मक्याचे ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा अशी चार नावे वेगवेगळी लिहिली, की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि मांस वर राहते. चारही एकत्र धरून पाहिले, की खरे चित्र दिसते. ‘ट्यूना फ्लेवर’ म्हणजे ट्यूना नव्हे. अमेरिकेच्या नियमांत ‘फ्लेवर’ लिहिण्यासाठी ती चव जाणवण्याइतका अंश पुरतो आणि ‘विथ ट्यूना’ लिहिण्यासाठी ३ टक्के. भारतात असे सक्तीचे नाम-नियम नसल्याने समोरच्या बाजूवरचे शब्द जाहिरात म्हणूनच वाचावेत.

मांजर आवडीने खाते, हाही दर्जाचा पुरावा नाही. कोरडे दाणे यंत्रातून बाहेर पडून वाळले, की त्यावर चरबी आणि चवीचा लेप फवारला जातो. मांजर त्या लेपाला भुलते.

सुटे खाद्य का टाळावे?

शहरांत आणि निमशहरी बाजारपेठांत मोठे पोते फोडून पाव किलो, अर्धा किलो अशी सुटी विक्री होते. कामगार वस्तीत ती सोयीची असते. एकदम मोठे पाकीट घेणे अनेकांना परवडत नाही. पण पिशवी बदलली, की उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि मुदत हे सगळे पोत्यासोबत दुकानातच राहते. बिनसलेच तर तक्रार कुणाविरुद्ध करायची, हे सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दुसराही धोका वाढतो. उघड्या पोत्यातल्या दाण्यांवर ओलावा बसतो, चरबी खवट होते आणि बुरशी धरते. मक्यावरच्या बुरशीतून तयार होणारे ॲफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर हल्ला करते आणि ते शिजवण्याने पूर्णपणे जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘मिडवेस्टर्न पेट फूड्स’ने याच कारणाने कुत्र्या-मांजरांचे खाद्य परत मागवले. त्या प्रकरणात शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली.

सुटे घेण्यावाचून पर्याय नसेल, तर किमान आपल्यासमोर पोते फोडून घ्यावे आणि पोत्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. घरी खाद्य डब्यात ओतण्यापेक्षा मूळ पाकिटासकट डब्यात ठेवणे चांगले. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढेच आणावे.

मग कच्चे चिकन देणे सुरक्षित का?

पाकिटावर भरवसा नाही म्हणून काही जण चिकनच्या दुकानातले कच्चे तुकडे देतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचा संसर्ग झाल्याचे जानेवारीत स्पष्ट झाले आणि संशयाची सुई कोंबडीच्या मांसाकडे वळली. लगेचच मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. मांजरवर्गीय प्राण्यांना हा विषाणू फार घातक ठरतो. नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. त्यामुळे घरचे द्यायचे असेल तर शिजवून, बिनमिठाचे, कांदा-लसूण न घालता आणि हाडे काढून द्यावे. पण नुसते चिकनही पूर्ण आहार नाही. त्यात कॅल्शियम फारच कमी असते. रोजचा आहार घरचाच ठेवायचा असेल, तर त्याचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे लागते.

तक्रार कुठे करायची?

नवे खाद्य सुरू केल्यावर उलट्या, जुलाब, खाणे बंद होणे, लघवी कमी होणे असे काही दिसले, तर खाद्य थांबवून पशुवैद्यकाला दाखवावे. पाकीट आणि उरलेले खाद्य फेकू नये, तोच पुरावा असतो. बिल, बॅच क्रमांकाचा फोटो आणि पशुवैद्यकाचा कागद जपून ठेवावा. पाकिटावर पत्ता, वजन, किंमत किंवा मूळ देश नसेल, आयात मालावर आयातदाराचे नाव नसेल, तर तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करता येते. सदोष मालाबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा दाखल करता येतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.

कंपनीला थेट विचारण्याचाही अधिकार आहे. जगभरच्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना ग्राहकांना साधारण असे प्रश्न विचारायला सुचवते : खाद्याची रचना कोण करते, त्याचे शिक्षण काय, माल स्वतःच्या कारखान्यात बनतो की दुसऱ्याकडून करून घेतला जातो, प्रत्येक बॅचची कोणती तपासणी होते आणि एका किलोत किती कॅलरी आहेत. पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर हे पाच प्रश्न पाठवले, तर कंपनीची पारखही होते. महाग ब्रँडने टाळाटाळ केली आणि स्वस्त ब्रँडने सरळ उत्तर दिले, तर दुसऱ्याला झुकते माप द्यायला हरकत नाही.

पुढे काय?

मांजराच्या खाद्यासाठी नवे मानक शोधण्याची गरज नाही, ते आधीच लिहिलेले आहे. प्रश्न ते बंधनकारक करण्याचा आणि बाजारातले नमुने उचलून तपासण्याचा आहे. पशुखाद्याचे विश्लेषण करण्याचे ज्ञान राज्यात नाही असेही नाही. दूध संघांचे पशुखाद्य कारखाने कच्चा मका आणि पेंड आत घेताना ओलावा, प्रथिन तपासतातच आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था याच महामार्गावर आहेत. नमुन्याचे निकाल ब्रँड आणि बॅचसह जाहीर होऊ लागले, तर ध्वज आणि जाहिरात पाहून खरेदी करण्याची वेळ ग्राहकावर येणार नाही. दूध उत्पादकाने हा हिशेब दुधाच्या मापातून मिळवला. मांजराला तसे माप नाही, म्हणून ते काम प्रयोगशाळेनेच करायला हवे. तोपर्यंत पाकीट उलटे करून वाचणे, पत्ता आणि बॅच असलेलेच खाद्य घेणे आणि मांजराचे वजन महिन्यातून एकदा करून लिहून ठेवणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे.